घाबरू का

आषाढ निम्मा सरला की वेल्ह्याकडच्या खाचरांत पाणी उभं राहतं, रोपं उपटण्याजोगी होतात आणि आईचा फोन येतो. दर वर्षी एकच वाक्य असतं: "लावणीला येतीयास न्हवं?" यंदा ते वाक्य लांबलं. "लावणीला ये, अन् धाकटीचं डोहाळजेवण बी करायचंय, तवा दोन दिस जादा काढून ये. तू असलीस म्हंजी तिला धीर यील. तू धीट."

मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. शिवऱ्याचं आमचं घर, म्हणजे माझं सासर, हायवेपासून हाकेवर आहे. ओट्यावर बसलं की ट्रक मोजता येतात. मी बसून राहिले आणि एकही ट्रक मोजला नाही. छातीच्या खाली काहीतरी जळत होतं. पित्त नव्हतं ते. हेवा होता. सरळ शब्द आहे, सरळ लिहिते. माझी सख्खी धाकटी बहीण सात महिन्यांची गरोदर आहे आणि मला तिचा हेवा वाटतो.

मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. आमच्या बायकांच्या संघटनेची भोर-वेल्ह्यातली निम्मी पत्रकं माझ्या हातची आहेत. प्रसूतीच्या दवाखान्यात डॉक्टर द्या. ॲम्ब्युलन्सला ड्रायव्हर द्या. सोनोग्राफीसाठी पोटुशा बाईला पुण्यापर्यंत हेलपाटे का, उत्तर द्या. पत्रकात एक सोय असते. तिथं 'मी' नसते. 'आम्ही' असतो, 'समस्त महिला' असतात, 'जाहीर निषेध' असतो. 'मला माझ्या बहिणीचा हेवा वाटतो' असं पत्रक आजवर कुणी काढलेलं नाही. म्हणून हा लेख.

त्या साली, म्हणजे करोनाच्या पहिल्या साली, लावणीच्या याच दिवसांत मी सात महिन्यांची होते. खाचरं अशीच भरली होती म्हणे. मला दिसली नाहीत. मला दिसत होता रिकामा हायवे. शिवऱ्यात राहून रिकामा हायवे बघणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. वाहता ओढा एका जागी थांबून आपल्याकडं बघत बसावा, तसं.

त्या दिवसांत मी एक गोष्ट रोज करायची. ती आजवर कुणाला सांगितली नाही. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन माहेरच्या आंबेमोहोराचा डबा उघडायचा आणि मूठभर तांदूळ नाकाशी धरायचे. वास जातो ती करोनाची खूण, असं सगळे सांगत होते. मी वास घ्यायची, डोळे मिटून, आणि वास येईपर्यंतचा तो अर्धा क्षण माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब क्षण असायचा. पाचवा सरेपर्यंत याच वासानं मला उलटी व्हायची. उलटी झाली की मी मोरीत वाकून हसायची. वास आला. आजचा दिवस मिळाला.

आणि हे सगळं चोरून. कारण घरात, गावात, संघटनेत मी धीट.

आमच्या संघटनेनं ठरवलं, गरोदर बायकांसाठी एक पत्रक काढायचं. कोण लिहिणार? जी गरोदर आहे आणि जिला लिहिता येतं ती. मी पलंगावर उशीला टेकून मोबाईलवर ते लिहिलं आणि भोरच्या छापखान्याला पाठवलं. हात धुवा, तोंडाला फडकं बांधा, तपासणी चुकवू नका, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात हाक. पत्रकं छापून, वाटूनही झाली, तेव्हा कळलं की त्या ठळक ओळीतला एक 'न' गळालाय. 'गरोदर भगिनींनो, घाबरू नका' असं हवं होतं. छापलं होतं, 'गरोदर भगिनींनो, घाबरू का'.

मी छापखान्याला फोन करून त्या माणसाची सालटी काढली. एक अक्षर वाचता येत नाही का, बायकांचं काम म्हणून कसंही करता का, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं शांतपणे माझाच मेसेज मला परत पाठवला. 'न' मीच खाल्ला होता.

त्याच सुमाराला एका मुलीचा फोन आला. कुठल्याशा संस्थेकडून ती गरोदर बायकांना प्रश्न विचारत होती. आवाज गोड आणि थकलेला. गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला किती वेळा भीती वाटली? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, की नेहमी? झोप लागते का? आपलं जीवनमान कसं आहे असं तुम्हाला वाटतं? समोर सासूबाई मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले. मी म्हटलं, कधीच नाही. झोप लागते. जीवनमान चांगलं आहे. सासूबाईंचे हात पुन्हा चालू झाले. त्या मुलीनं माझ्या नावापुढं 'कधीच नाही'वर खूण केली असणार. आता कुठल्या तरी कागदावर माझा धीटपणा नोंदलेला आहे, आणि तो खोटा आहे.

गावातल्या आशाताईला मात्र मी फसवू शकत नव्हते. ती अंगणाच्या कडेला उभी राहायची, तोंडावर तिच्याच जुन्या साडीचा शिवलेला मास्क. वजनकाटा जमिनीवर ठेवून पायानं माझ्याकडं सरकवायची. "हालतंय का?" एवढंच विचारायची. मी मान हलवली तरी हलायची नाही. "हात ठिवून सांग." मी पोटावर हात ठेवायची. आम्ही दोघी दहा पावलांवर उभ्या राहून एका लाथेची वाट बघायचो. लाथ बसली की ती वहीत लिहायची आणि पुढच्या घराकडं जायची. तिला हातमोजे मिळाले नव्हते. त्याचंही पत्रक मी नंतर काढलं. त्यात 'न' होता.

आता ओटीचं सांगते.

सातवा लागला तेव्हा आईनं निरोप दिला, तुझी ओटी भरते, ये. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा कायदा. त्याला पत्रक लागत नाही. मी तीन महिन्यांचे कपडे भरले. नवऱ्यानं मला दुधाच्या टेम्पोत बसवलं, कारण रस्त्यावर तेवढाच धड चालत होता. नसरापूर, विंझर करत आम्ही आमच्या गावाच्या फाट्यावर पोचलो. फाट्यावर आडवा ओंडका. त्यावर बोरीच्या फांद्या. ओंडक्यापलीकडं आई.

तिनं पदर तोंडाला गुंडाळला होता. हातात सूप. सुपात हिरवा खण, नारळ, तांदूळ, बांगड्या, हळदीकुंकवाची पुडी. तिनं सूप ओंडक्यावर ठेवलं आणि ती मागं सरकली. मागं म्हणजे चांगली पंधरा पावलं, पाण्याच्या टाकीपाशी. मी पुढं झाले आणि वाकले, तर फिनेलचा भपकारा आला. नारळ फिनेलनं पुसलेला. बांगड्या फिनेलनं धुतलेल्या. तांदळावर फिनेलचं पाणी शिंपडलेलं. आमच्या आंबेमोहोराला दवाखान्याच्या संडासाचा वास.

"समदं पुसून घेतलंय म्या," आई तिकडून म्हणाली. "भर तुझी तू. अन् माघारी जा. हितं थांबू नगंस."

  मी सूप पदरात उपडं केलं. कुणा सवाष्णीनं ओटी भरायची असते, पाच बायकांनी मिळून भरायची असते, आणि मी माझी ओटी माझ्या हातानं भरली, टेम्पोवाला दुसरीकडं बघत असताना. टेम्पोत माझी कपड्यांची पिशवी तशीच. आईनं पिशवीकडं बघितलं होतं. नक्की बघितलं होतं.

ते तांदूळ घरी येऊन मी कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी ते हुंगले आणि निघून गेल्या.

माझ्याच आईला माझी भीती वाटली. शिवरे हायवेवरचं गाव, तिथून ही रोग घेऊन येईल. मी तो अर्थ लावला आणि पाच-सहा वर्षं पोटाशी बाळगला. विचारलं मात्र कधी नाही. धीट बायका असलं विचारत नाहीत.

यंदा मी माहेरी पोचले तो ओंडक्याच्या जागी कमान होती. फुग्यांची. निळे-गुलाबी फुगे, मधे बाळाचं चित्र. अंगणात झोपाळा, त्याला झेंडूच्या माळा. धाकटी, म्हणजे स्वाती, पुण्याला दिली आहे. तिचा नवरा दिवसातून तीनदा फोन करतो. त्याच्या मोबाईलवर काहीतरी आहे, ते रोज सांगतं की बाळ आज लिंबाएवढं झालं, आज पेरूएवढं, आज वांग्याएवढं. आई हे लोकांना सांगत फिरते. माझी लेक किती वांग्याएवढी होती ते कुणी विचारलं नाही.

आईनं धाकटीसाठी डिंकाचे लाडू केलेत. धाकटीसाठी मऊ गादी. धाकटीला उन्हात नको, धाकटीला वाऱ्यात नको. माझी लेक आता शाळेत जाते, तिनं विचारलं, "आई, मी पोटात होते तेव्हा पण फुगे लावले होते?" मी म्हटलं, तेव्हा फुग्यांची दुकानं बंद होती. खरंच होती.

दुसऱ्या दिवशी पानशेतला फोटो काढायचे होते. पुण्याहून फोटोवाला आपल्या गाडीनं आला होता. धरणाच्या पाण्याच्या कडेला धाकटीनं जांभळा, पायघोळ झगा घातला, ज्याचा मागचा पदर चार हात लांब. तो चिखलात पडू नये म्हणून कुणीतरी धरायचा होता. कुणीतरी म्हणजे मी. फोटोवाला म्हणायचा, "ताई, तुम्ही जरा झुडपामागं जा, फ्रेममध्ये येताय." मी झग्याचं टोक धरून करवंदीच्या जाळीमागं. बाजूच्या हॉटेलातून भज्यांचा वास येत होता. पुण्याची मंडळी भजी खात थांबून बघत होती. सभेत माईक धरणारी मी, बहिणीच्या झग्याचं शेपूट धरून उभी.

धाकटीची सँडल पायात जाईना. फोटोवाला म्हणाला, अनवाणीच छान दिसतं. चार फोटो झाले आणि ती दगडावर बसली. डोकं धरून म्हणाली, थोडं थांबू. माझ्या मनात शब्द आला: नखरे. तोंडावर आणला नाही, पण झग्याचं टोक जरा जोरात खाली ठेवलं.

त्याच्या पुढचा दिवस लावणीचा. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून खाचरात उतरले. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायकांची ओळ, पाठीवर प्लास्टिकचे कागद, त्यावर पावसाचा ताशा. माझ्या शेजारी चुलती, जिला आम्ही काकी म्हणतो. काकीची जीभ रोपं लावण्याच्या वेगानं चालते. बांधावर धाकटी छत्री घेऊन बसलेली. काकीनं वाकल्या वाकल्याच सुरू केलं. आमच्या वेळी आम्ही खाचरातून उठून बाळंत व्हायचो. आताच्या पोरींना बसून बसून पाय सुजतात. मग ती सरळ झाली आणि तिनं धाकटीला ऐकू जाईल असं म्हटलं, "स्वाते, तुझ्या ताईकडं बघ. करुनात एकटीनं बाळंतपण काढलं तिनं. संगं चिटपाखरू न्हवतं. रडली बी न्हाई. तुला नवऱ्यानं फोन नाय केला म्हणून बी रडू येतंय."

बायका हसल्या. धाकटीनं साडी ओढून पावलं झाकली.

आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. फुगे तिचे, झोपाळा तिचा, आई तिची, आणि हे एक माझं. त्या सगळ्या मोसमातून मी घरी आणलेली एकच वस्तू म्हणजे हे नाव: धीट. हे मी कुणाला देणार नव्हते. मी खाली वाकून भराभर रोपं खोचत राहिले.

चिखलात हात असले की मन मोकाट फिरतं. माझं थेट त्या दवाखान्यात गेलं. कुठल्या, ते सांगत नाही. तिथल्या नर्सनं माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं तिच्या दोन हातांत होतं आणि ती एकटी होती. गौरी-गणपतीनंतरचे दिवस. नवऱ्याला फाटकात थांबवलं. सासूबाईंना वयामुळं येऊच दिलं नाही. मी माझी पिशवी माझ्या हातात घेऊन आत गेले. खोलीत तीन पलंग, दोन रिकामे. नर्स प्लास्टिकच्या पोशाखात, चेहरा दिसत नव्हता, फक्त डोळे. ती यायची, बघायची, अजून वेळ आहे म्हणून जायची. दुपारच्या सुमाराला कळा घट्ट झाल्या. भिंतीकडं तोंड करून पडले होते. भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं होतं.

गरोदर भगिनींनो, घाबरू का.

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. तोवर मला ती चूक वाटत होती. तिथं पडल्या पडल्या कळलं की सगळ्या पत्रकात खरी ओळ तेवढीच आहे. शेवटी फक्त प्रश्नचिन्ह हवं होतं. मी ते विचारत होते. मोठ्यानं विचारत होते बहुतेक. घाबरू का? कुणाला विचारत होते? नर्स दुसऱ्या खोलीत होती. मी रडले. चांगली हंबरून रडले, आईच्या नावानं. मग लेक झाली आणि नर्सचे डोळे हसले, आणि संध्याकाळी फाटकापाशी नवऱ्याला दिसले तेव्हा मी हात वर करून अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचा फोटो संघटनेच्या ग्रुपवर गेला.

तिथून सुरुवात झाली. 'एकटीनं लढलेली कार्यकर्ती.' मला सभांना बोलावलं जाऊ लागलं. मी बोलत गेले. पहिल्या सभेत मी सांगितलं होतं की थोडी रडले. दुसऱ्या सभेत ते वाक्य गाळलं, कारण टाळ्या त्याच्या आधीच्या वाक्याला पडत होत्या. प्रत्येक सभेत भीती एकेका वाक्यानं कमी झाली. शेवटी राहिलं ते काकीनं सांगितलेलं: रडली बी न्हाई.

डोहाळजेवणाच्या दिवशी पाऊस उघडला होता. अंगणात गावातल्या बायका जमल्या, ताटं मांडली गेली, पुण्याचा फोटोवाला पुन्हा आला. आतल्या खोलीत मी धाकटीला फुलांचे दागिने घालत होते. मनगटाला मोगऱ्याचा गजरा बांधताना दोरा पुरेना. सैल करून बांधला, तरी मांसात रुतला. मी दोऱ्याखाली बोट घालून पाहिलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.

"ताई," ती म्हणाली, "तुला खरंच भ्या वाटलं न्हाई?"

मी दोऱ्याची गाठ बघत होते. तोंडातून सवयीचं वाक्य गेलं. भ्यायचं काय त्यात, म्हटलं. बाईची जात.

"व्हय," ती म्हणाली. "मग काय न्हाई."

आणि उठून, हसत, बाहेर जाऊन झोपाळ्यावर बसली.

मग काय न्हाई. मी गजऱ्याची सुई हातात घेऊन तिथंच उभी राहिले. काय न्हाई म्हणजे काय? तिला काहीतरी सांगायचं होतं. सांगावं की नाही, हे तिनं माझ्यावरून ठरवलं होतं. माझ्या मापानं तिनं तिची भीती मोजली, ती भित्रेपणा भरली, आणि तिनं ती गिळली. हे मी केलं होतं. सरकारनं नव्हे, छापखान्यानं नव्हे.

बाहेर ओटी भरून झाली. पाच बायकांनी भरली, कोरड्या, घमघमत्या तांदळानं. काकीनं मला ओढलं. "तू बोल की दोन शबुद. तुजं ऐकून पोरीला दम यील." फोटोवाल्यानं मोबाईल माझ्याकडं वळवला. बायका सावरून बसल्या. हे भाषण मला पाठ होतं. झोपेत म्हणता आलं असतं. झोपाळ्यावर धाकटी दोन बोटांनी कपाळ दाबत होती आणि हसत होती. आई तिच्या मागं, झोपाळ्याची दोरी धरून.

मी आईकडं बघितलं आणि माझ्या मनात आलं, हेही द्यायचं धाकटीला? एवढं एकच आहे माझ्याकडं, तेही?

मग मी बोलले. भाषण म्हणून सुरू केलं आणि पहिल्याच वाक्याला घसरले. म्हटलं, मी धीट नव्हते. बाळंत होईपर्यंत रोज भ्याले. रोज सकाळी तांदळाचा वास घेऊन बघायची, करोना झालाय का म्हणून. भीती वाटते का असं विचारलं तर खोटं सांगायची. बाळंतपणात आईच्या नावानं गुरासारखी हंबरले. सभेत सांगत आले ते निम्मं खोटं होतं. जिला भीती वाटत असेल तिनं ती सांगावी. न सांगून मला काही मिळालेलं नाही, टाळ्या सोडल्या तर.

टाळ्या आता पडल्या नाहीत. काकी म्हणाली, "अगं, हे काय बोलायचं का आज? शुभ दिस हाय." एका बाईनं दृष्ट काढायला मीठ-मोहरी आणायला सांगितलं. त्या गलक्यात धाकटीचा आवाज मी जवळजवळ ऐकलाच नसता.

"ताई, कालधरनं डोळ्यांपुढं काजवं चमकत्यात. डोकं चार दिस झालं दुखायचं थांबंना. मला लई भ्या वाटतंय."

मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली त्यातल्या एकात चार ओळी आहेत: पाय-हात सुजणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढं चमकणं, तातडीनं दवाखाना. त्या ओळी मीच लिहिल्यात. आणि तीन दिवस मी ते पाय बघत होते आणि मला दिसत होते फक्त नखरे. हेव्याला डोळे असतात, पण ते दुसऱ्याच्या ताटावर असतात.

अंगणात चारचाकी एकच होती, फोटोवाल्याची. तो पोरगेला माणूस, त्यानं काही विचारलं नाही, कॅमेऱ्याच्या पिशव्या ओसरीवर ठेवल्या आणि गाडी काढली. मागं धाकटी मधे, फुलांच्या दागिन्यांसकट, एका बाजूला आई, एका बाजूला मी. कमान लागली तेव्हा आईनं बाहेर बघितलं. बाहेरच बघत ती बोलली.

"त्या साली तुला हितनंच माघारी लावली म्या."

मी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"तुजा बाप खोकत हुता घरात. आठ दिस. कुणाला सांगू? नेला असता उचलून. गावानं पाणी तोडलं असतं. तुला आत कशी घिऊ? सांगितलं असतं, तर तू न्हाई गेली असतीस माघारी, मला ठावं हुतं." मग म्हणाली, "साधाच खोकला निघाला, मेला."

बाप आमचा चांगला ठणठणीत आहे. आदल्या दिवशी त्यानं माझ्या पुढच्या खाचरात चिखलणी केली होती. आईला माझी भीती वाटली नव्हती. तिला माझ्यासाठी भीती वाटली होती. मी रडायला हवं होतं, पण मला राग आला. एवढी वर्षं? एक वाक्य सांगायला एवढी वर्षं? मग लक्षात आलं, माझंही वाक्य तेवढीच वर्षं पडून होतं. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका धीट.

दवाखान्यात तिचा रक्तदाब बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडं बघितलं, पुन्हा एकदा पट्टा आवळला, पुन्हा बघितलं. भराभर सूचना दिल्या. मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, आणलंत ते बरं केलंत, उद्यावर टाकलं असतं तर मला सांगता आलं नसतं. बाळाचे ठोके नीट आहेत. पण हलवायचं नाही, इथंच ठेवू, लक्ष ठेवावं लागेल. सोबत एकच बाई थांबेल.

आई पदर खोचून पुढं झाली. साहजिक होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे आई. मी बाजूला सरकले. माझ्या हातात धाकटीची पिशवी होती, ती मी आईकडं दिली. पोटात तेच जळणं सुरू झालं होतं. बाजूला सरकता येतं, पण ते जळणं सरकत नाही.

"आई, तू बाहेर थांब," धाकटी पलंगावरून म्हणाली. "ताईला ऱ्हाऊ दी."

आईनं पिशवी मला परत दिली. तिच्या चेहऱ्याकडं मी नीट बघितलं नाही. बघायला हवं होतं.

आत मी स्टूल ओढून बसले. सुईची जागा सोडून तिचा दुसरा हात हातात घेतला. गजऱ्याचा दोरा नर्सनं कापून टाकला होता, त्याचा वळ राहिला होता. धाकटी विचारत होती, आता काय करतील, किती दिवस ठेवतील, बाळाला काही होणार नाही ना. मला माहीत नव्हतं. माहीत नाही, असं मी सांगितलं. तिनं माझी बोटं आवळली. तिला धरायला मी होते. मला धरायला कुणी नव्हतं, हे मला त्या स्टुलावरही आठवलं, लख्ख आठवलं. मी तिचा हात सोडला नाही आणि हेवाही सुटला नाही. दोन्ही एकाच मुठीत मावलं.